शून्याच्या अलीकडे

भावजींच्या तोंडून ‘ट्रान्सपोर्ट’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा वहिनींना वाटलं, निवृत्तीनंतर हे आता मालाचे ट्रक चालवायला काढताहेत की काय. तसं काही नव्हतं. ट्रान्सपोर्ट म्हणजे सीडी वाचायचं नव्या पद्धतीचं यंत्र. ते फक्त वाचतं. सीडीवरचे आकडे जसेच्या तसे उचलायचे आणि तारेतून शेजारच्या दुसऱ्या डबीकडे सोपवायचे, एवढंच त्याचं काम. त्या आकड्यांचा आवाज करायचा तो त्या डबीने.

“पूर्वी एकच माणूस वाचायचा आणि तोच गायचा,” भावजी समजावून सांगत. “आता एक वाचतो, दुसरा गातो. दोघंही आपापल्या कामात पक्के.”

“आणि दोघांचं जमलं नाही की तिसरा विकत आणायचा,” असं यावर वहिनींचे यजमान म्हणत. ते भावजींचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन आता दुसरं वर्ष चालू होतं, आणि हा वाद ऐकायला मिळत नाही म्हणून आपल्याला इतकं सुनं सुनं वाटेल, असं वहिनींना कधी वाटलं नव्हतं. त्या वादाला त्या एके काळी विटल्या होत्या.

थोरले एका रेकॉर्डिंग स्टुडिओत होते. छापखान्याच्या तळघरात तो स्टुडिओ होता, आणि वरची यंत्रं चालू असली की खाली रेकॉर्डिंग बंद. गाणारे-वाजवणारे गेले की थोरल्यांचं काम सुरू व्हायचं. कुठली रचना आधी, कुठली मागून, दोहोंमध्ये किती थांबायचं, हे सगळं लावून सीडीचा शेवटचा नमुना कारखान्याकडे पाठवायचा. भावजीही सुरुवातीची काही वर्षं तिथेच होते. तारा ओढणं, माइक बांधणं, पंखे बंद करणं ही त्यांची कामं. पुढे ते सभागृहांत लाउडस्पीकर बसवायच्या धंद्यात गेले आणि त्यात त्यांनी नाव काढलं.

दोघा भावांनी पहिला सीडी प्लेअर एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणि एकाच जातीचा घेतला होता. काळा, रुंद, आणि वजनाने असा की उचलताना कंबरेची आठवण व्हावी. बटण दाबलं की त्याचा खण घुर्र करत बाहेर यायचा, सीडी ठेवली की तसाच सावकाश आत जायचा, मग जरा वेळ आतल्या आत काहीतरी फिरायचं, आणि मग कुठे हिरवे आकडे उगवायचे. “एका सोफ्याचे पैसे गेले दोन्ही घरांत,” असं जाऊबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, आणि पाहुणे आले की अजूनही म्हणत.

थोरले त्या प्लेअरला शेवटपर्यंत धरून राहिले. भावजींना मात्र मध्येच नव्याचं वेड लागलं. दर दोन-तीन वर्षांनी ते नवं काहीतरी आणत आणि रविवारी दादाला ऐकवायला घेऊन येत. दादा ऐकायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, “छान आहे. खण कुठाय?” तेवढ्यावरून दुपार पेटायची. भावजी म्हणत, खणात काय जातं, आवाजाचं बोल. दादा म्हणे, आवाज तर आहेच, पण वाजायच्या आधी माणसाला जरा बसायला वेळ नको का? सांगून उपयोग नव्हता. दोघंही पालथे घडे.

शेवटच्या रविवारी तर कहर झाला. भावजी नवाकोरा ट्रान्सपोर्ट घेऊन आले होते. आधी जुना ऐकायचा, मग नवा, डोळे मिटून, असं ठरलं होतं. जुना ऐकून झाला आणि थोरले उठले. म्हणाले, “मला काय ऐकायचं ते ऐकून झालं.” हे जरा अतिच होतं. भावजींनी तारा गुंडाळल्या, यंत्र काखोटीला मारलं आणि “बस तुझ्या म्हाताऱ्याला घेऊन” असं म्हणत चहा न घेता जिना उतरले. वहिनी म्हणाल्या, अहो, हाक तरी मारा. थोरले म्हणाले, “येईल. जातोय कुठं.” भावजी आले, पण पुढच्या रविवारच्या आतच आले, आणि तेव्हा दादा बोलायच्या पलीकडे गेला होता.

त्या दिवसापासून भावजी या घरी आले की दाराजवळच्या खुर्चीवर बसत. आत येत नसत.

वहिनींचं स्वतःचं आयुष्य कानांत गेलं होतं. इस्पितळात लोकांची श्रवणतपासणी करायचं त्यांचं काम. काचेच्या पलीकडे रुग्णाला बसवायचं, कानाला यंत्र लावायचं, आणि बारीक बारीक होत जाणारा आवाज सोडत विचारायचं, येतोय का? आला की बटण दाबा. खोटं बटण दाबणारे त्यांना लगेच कळत. अशी माणसं भित्री असतात, त्यांना रागवायचं नाही, हे त्या नव्या मुलींना शिकवत. पण कागदावर मात्र जे आहे तेच लिहायचं. या कानाला एवढं ऐकू येत नाही, त्या कानाला तेवढं. दयामाया करून दोन खुणा वर सरकवल्या असं त्यांनी नोकरीत कधी केलं नाही.

आणि अशा या बाईचं एक गुपित होतं, तेही ऐकण्याचंच.

थोरल्यांची एक खोड होती. कुठलीही सीडी सुरू होते ती शून्य मिनिट शून्य सेकंदापासून. पण शून्याच्या अलीकडेही थोडी जागा असते, आणि थोरले त्या जागेत खोलीची शांतता भरून ठेवायचे. वाजवणारे वाजवायच्या आधी गप्प झाले की तळघराची जी शांतता असे, ती. “गाणं एकदम आकाशातून पडत नाही,” ते म्हणत. “आधी खोली असते, माणसं असतात.” ही शांतता कोणाला ऐकू यायची नाही, कारण प्रत्येक यंत्र शून्यावरून सुरू होतं. पण त्या जुन्या प्लेअरवर सीडी सुरू झाल्या झाल्या मागे जायचं बटण दाबून धरलं, की हिरवे आकडे शून्यावर येत, क्षणभर घुटमळत आणि मग त्यांच्या डावीकडे वजाची छोटी रेघ उगवे. यंत्र शून्याच्या अलीकडे येऊन उभं राही. भावजींना ही खोड ठाऊक होती, आणि ते तिची टिंगलही करत. “दादा, तुझी शांतता फुकट चाललीय,” म्हणत.

त्यांना हे ठाऊक नव्हतं की एका सीडीत तिथे शांतता नाही. एका व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंनी हौसेने काढलेली ती सीडी होती. थोड्याच प्रती निघाल्या, त्याही वाटण्यात संपल्या. त्या दिवशी वहिनी दुपारच्या सुट्टीत थोरल्यांना डबा द्यायला तळघरात गेल्या होत्या. नवं लग्न होतं, डबा हे आपलं निमित्त. डबा खाऊन झाला, वहिनींनी रिकामा डबा उचलला, निघाल्या, कारण इस्पितळात रुग्ण खोळंबले होते. माइक चालू होते हे त्यांच्या लक्षात नव्हतं. थोरल्यांच्या होतं.

तर त्या सीडीत शून्याच्या अलीकडे एवढं होतं. खुर्चीची करकर. व्हायोलिनच्या तारा जुळवल्याचे दोन-चार आवाज. थोरल्यांचा तरणा आवाज, “पंखा बंद केला का?” लांबून कुणाचं तरी “हो.” मग धातूवर धातू आपटल्याचा एक बारीक खणका, दोन पावलं. आणि मग पुन्हा थोरले, अगदी माइकजवळून, हसू दाबत, “बस की जरा. काय घाई आहे एवढी?” मग शांतता. मग गज तारेवर टेकतो आणि शून्य उगवतं.

वहिनी त्या दिवशी बसल्या होत्या. भिंतीलगतच्या स्टुलावर, मांडीवर डबा धरून, सगळं वाजवून होईपर्यंत. इस्पितळात बोलणी खाल्ली. सीडी छापून आली तेव्हा थोरल्यांनी त्यांना समोर बसवून बटण दाबून धरलं होतं, आणि रेघ उगवल्यावर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले होते.

आता ते नव्हते, आणि वहिनी दर थोड्या दिवसांनी दुपारी दार लावून घेत, सीडी खणात ठेवत आणि बटण दाबून धरत. नवऱ्याचे फोटो कपाटभर होते. फोटोत माणूस दिसतो, पण बस म्हणत नाही. त्यांना तेवढंच हवं असायचं. कुणीतरी आपल्याला बस म्हणावं, घाई काय आहे म्हणावं, आणि ते त्याच माणसाने म्हणावं.

पण प्लेअर थकला होता. आधी खण अडू लागला, त्याला वरून एक चापट द्यावी लागे. मग सीडी वाचायला तो वेळ घेऊ लागला. पुढे पुढे चार वेळा ठेवावी तेव्हा एकदा वाचे. जाऊबाईंजवळ वहिनी हे सहज बोलून गेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी भावजी दारात हजर. हातात खोका.

“वहिनी, हा तुम्हाला. माझ्याकडे पडूनच असतो.”

तो तोच ट्रान्सपोर्ट होता, त्या रविवारी काखोटीला मारून परत नेलेला. वहिनींनी ओळखला. भावजी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा आतल्या खोलीत आले, थोरल्यांच्या खुर्चीकडे न बघता जमिनीवर मांडी घालून बसले आणि तारा जोडू लागले.

“त्या दिवशी अर्धंच राहिलं होतं,” ते म्हणाले. “दादानं नवा ऐकलाच नाही. आज तुम्ही ऐका. तुमच्यासारखे कान कोणाचे आहेत?”

मग रीतसर तुलना झाली. वहिनी डोळे मिटून बसल्या. आधी जुना. त्याने दोनदा मान टाकली, तिसऱ्यांदा वाजला. मग नवा. त्याला खण नव्हताच. एका फटीत सीडी सरकवली की तो ती हळूच गिळून टाकी, आणि मनात यायच्या आत वाजायला लागे. घुर्र वगैरे काही न करता. वहिनींनी प्रामाणिकपणे ऐकलं. नव्याचा आवाज स्वच्छ होता. व्हायोलिनचा गज वळतो तिथली खरखर, बाईंनी घेतलेला श्वास, जुन्यावर जे अंदाजाने कळायचं ते इथे मोकळं ऐकू येत होतं. एका सीडीवर चरा होता तिथे जुना हमखास अडखळे, हा सरळ पुढे गेला.

“काय वाटतं?” भावजींनी विचारलं.

“नवा चांगला आहे,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात कधी खुणा वर सरकवल्या नव्हत्या.

भावजींचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. ज्याच्याकडून हे ऐकायचं होतं तो नव्हता.

एक गोष्ट मात्र वहिनींनी तपासली नाही. व्हायोलिनची सीडी यंत्रात होती, रिमोट हातात होता. मागे जायचं बटण अंगठ्याखाली होतं. पण समोर दीर बसलेला. त्यांच्यासमोर नवऱ्याच्या त्या तीन-चार शब्दांपर्यंत जायचं म्हणजे वहिनींना उघड्यावर केस विंचरायला बसल्यासारखं वाटलं. शिवाय दोन्ही सीडीचीच यंत्रं, एक जातं तिथे दुसरंही जाणारच, असं त्यांनी धरून चाललं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. भावजींनी विचारलं, “मग हा म्हातारा नेऊ का? जागा अडवतोय. बघतो काही करता आलं तर,” तेव्हा वहिनी “न्या” म्हणाल्या. त्यांनी स्वतः दार उघडून धरलं आणि वजनाने वाकलेले भावजी जिना उतरेपर्यंत “सांभाळून” म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दार लावलं, सीडी फटीत सरकवली. व्हायोलिन सुरू झालं. त्यांनी बटण दाबून धरलं. पांढरे आकडे शून्यावर आले आणि थांबले. व्हायोलिन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा शून्य, पुन्हा व्हायोलिन. जोरात दाबून पाहिलं, हळू दाबून पाहिलं, सीडी काढून पदराला पुसून पुन्हा घातली. रिमोटच्या बॅटऱ्या बदलल्या. यंत्र अगदी शहाण्यासारखं वागत होतं. शून्यापासून पुढे त्याला सगळं येत होतं. शून्याच्या अलीकडे काही असू शकतं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

वहिनी खुर्चीत बसून राहिल्या. जुना होता तिथे टेबलावर धुळीत एक काळा चौकोन उरला होता. नवरा गेला तेव्हा त्या चारचौघांत रडल्या होत्या, रीतीप्रमाणे, सावरणारे हात होते. आज घरात कोणी नव्हतं. त्या तोंडावर पदर धरून ओक्साबोक्शी रडल्या, आणि मग तोंड धुऊन भावजींना फोन लावला.

“जुना कुठाय?” त्यांनी विचारलं.

“उघडलाय,” भावजी म्हणाले. “का हो?”

“उघडलाय म्हणजे?”

“म्हणजे... सुटा झालाय, वहिनी. का? नवा वाजत नाही का?”

“वाजतो. चांगला वाजतो,” वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला. साडी बदलली, सीडी पर्समध्ये घातली आणि निघाल्या.

दार जाऊबाईंनी उघडलं. “या. ते आतल्या खोलीत आहेत, काल नेला तेव्हापासून बाहेर आले नाहीत. जेवायला ताट तिकडेच.” चहा टाकते म्हणाल्या. वहिनींनी नको म्हटलं, लगेच निघायचंय म्हटलं. जाऊबाई टाकायला गेल्याच.

आतल्या खोलीत भावजींचा संसार मांडलेला होता. भिंतभर यंत्रं, चपटी, चकचकीत. आणि जमिनीवर, वर्तमानपत्रावर, थोरल्यांचा प्लेअर. झाकण निघालेलं, आतलं पोट रिकामं. भावजी उभे राहिले. चोरी पकडलेल्या माणसासारखे त्यांचे हात मागे गेले.

“वहिनी, रागावू नका. तुमच्याच्यात दोष लेन्सचा नव्हता. खण आणि आतली मोटर गेली होती. लेन्स चांगली होती. माझ्याच्यात उलटं. खण चांगला, लेन्स केव्हाची मेलेली.” त्यांनी कोपऱ्याकडे हात केला. तिथे एका टेबलावर, अंगावरची धूळ नुकतीच पुसलेला, दुसरा काळा प्लेअर होता. हुबेहूब. “दादाची लेन्स माझ्याच्यात बसवली. मिळत नाही आता बाजारात.”

“तुमचा जुना तुम्ही विकला म्हणाला होतात ना?”

“दादाला तसं सांगितलं होतं.” भावजी खाली बघत म्हणाले. “त्याच्याशी भांडायला मला नवा लागायचा. ऐकायला मी हाच लावायचो, लेन्स होती तोवर. आता सांगतो झालं.”

वहिनींना हसू आलं आणि रागही आला. दोघं म्हातारे एकमेकांना जन्मभर बनवत होते आणि चहा मात्र आपण करत होतो.

“वाचतो का हा?”

“आज सकाळपासून वाचतोय. तुम्हाला काय हवं होतं? काही राहिलं का आत? सीडी राहिली का?”

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. वहिनींनी पर्समधून व्हायोलिनची सीडी काढली. पर्स खांद्यालाच ठेवून त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या.

“लावा. आणि सुरू झाली की मागे घ्या. शून्याच्या मागे.”

भावजींनी त्यांच्याकडे पाहिलं. “दादाची शांतता? वहिनी, त्यासाठी तुम्ही एवढ्या...” आणि त्यांनी हात पुढे केला. बटण दाबलं. घुर्र करत खण बाहेर आला. हा आवाज आपल्याला इतका हवा होता हे वहिनींना तो येईपर्यंत कळलं नव्हतं. खण आत गेला. जरा वेळ आतल्या आत काहीतरी फिरत राहिलं. हिरवे आकडे उगवले. भावजींनी बटण दाबून धरलं, आकडे शून्यावर आले, घुटमळले, आणि डावीकडे ती छोटी रेघ उमटली.

खुर्ची करकरली. तारा जुळल्या.

“पंखा बंद केला का?”

भावजींचा बटणाजवळचा हात खाली आला. लांबून “हो” आलं, आणि ते ऐकून त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तो “हो” त्यांचाच होता. मग खणका, दोन पावलं.

“बस की जरा. काय घाई आहे एवढी?”

शांतता झाली आणि व्हायोलिन सुरू झालं. भावजींच्या खोलीतले लाउडस्पीकर मोठे होते, थोरले जणू मधल्या भिंतीपलीकडून बोलले होते. भावजी आपल्या स्टुलावर बसले.

“वहिनी, हे मला म्हणतोय.”

वहिनींनी मान वर केली.

“तो दिवस मला आठवतोय. मला दुसरीकडे तारा ओढायला जायचं होतं. निघालोच होतो मी. तो खणका ऐकलात? माझ्या हत्यारांच्या पेटीची कडी आहे ती. पेटी उचलली की वाजायची.” भावजी यंत्राकडे बघत होते. “त्या रविवारी मी जिन्यात थांबलो होतो, वहिनी. तुमच्या खालच्या वळणावर. म्हटलं, दादा बस म्हणेल. एकदा म्हणाला असता तर मी परत आलो असतो. दारही वाजलं नाही. मला वाटलं, गेला तर गेला, असं त्याला वाटत असेल. दोन वर्षं मला हेच वाटतंय. आणि यानं इथे ‘बस’ म्हणून ठेवलंय.”

वहिनींना त्या डब्याचा आवाज झोपेतून उठवलं तरी ओळखता आला असता. वरच्या कप्प्याचं झाकण सैल होतं, उचलताना ते खालच्यावर आपटायचं. डबा अजून त्यांच्या फळीवर होता, झाकण अजून सैल होतं. पेटीच्या कडीचा आवाज असा नसतो. कडी दोनदा वाजते. आयुष्यभर समोरच्याला काय ऐकू येत नाही ते स्पष्ट सांगायचं हेच त्यांचं काम होतं, आणि सांगायला त्यांचं तोंड उघडलंही होतं. ते वाक्य त्यांचं होतं. थोरल्यांचे शब्द असलेलं त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

समोर एक म्हातारा माणूस बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून, काचेपलीकडच्या रुग्णासारखा वाट बघत.

“हो,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हालाच. मी होते ना तिथे, डबा घेऊन आले होते. तुम्ही पेटी उचललीत आणि हे म्हणाले, बस की जरा.”

“मी बसलो होतो का मग?”

“बसलात. भिंतीलगतच्या स्टुलावर. शेवटपर्यंत.”

भावजींनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले. बोलून गेल्यावर वहिनींना हात रिकामे झाल्यासारखे वाटले. सोपं नव्हतं ते. पण फुकट गेलं असंही वाटलं नाही. तळघरात त्या वेळी वाजवणाऱ्या बाई सोडल्या तर तिघंच होते, आणि म्हणणारा दोघांवरही जीव लावून होता. एकाला म्हटलं काय आणि दुसऱ्याला म्हटलं काय, असं म्हणून मनाची समजूत घालता येईल का, हे त्या तपासून बघत होत्या. अजून नीट घालता येत नव्हती.

“मी हे तुम्हाला फोनवर उतरवून देतो,” भावजी जरा सावरल्यावर म्हणाले. “दोन मिनिटांचं काम आहे. म्हणजे यंत्र मेलं तरी राहील.”

“द्या,” वहिनी म्हणाल्या. त्या काही खुळ्या नव्हत्या. “पण नंतर. आता पुन्हा एकदा लावा.”

“तुम्हाला निघायचं होतं ना?”

भावजींनी बटण दाबलं. सीडी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, त्यांनी मागचं बटण दाबून धरलं आणि डावीकडे रेघ आली. तिकडून जाऊबाई चहा घेऊन दारात आल्या आणि दोघांचे चेहरे बघून तिथेच थांबल्या. खुर्ची करकरली. पंखा बंद झाला. खणका झाला, दोन पावलं झाली.

“बस की जरा. काय घाई आहे एवढी?”

वहिनींनी खांद्याची पर्स काढून जमिनीवर ठेवली आणि खुर्चीत मागे सरकून बसल्या.